वृक्षवैद्याची परीक्षा

एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरात वळीव कसा येतो, हे तुम्हाला सांगायला नकोच. दुपारभर अंग भाजणारे ऊन, चारच्या सुमारास पश्चिमेकडे काळे ढग, मग धुळीचा लोट, सुसाट वारा आणि टपोरे थेंब. अर्ध्या तासात सारे शांत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मात्र रस्त्यात कुठे गुलमोहराची मोडलेली फांदी दिसते, तर कुठे मुळासकट उलथलेले झाड. ते पाहून कोणी म्हणतो, "ही धोक्याची झाडे एकदाची तोडून टाका." कोणी म्हणतो, "एकाही झाडाला हात लावू नका."

दोघांचेही म्हणणे तळमळीचे आहे. पण झाड तोडायचे की राखायचे, हे तळमळीवर ठरवता येत नाही. निर्णय चुकला, तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते. निरोगी झाड तोडले, तर साठ-सत्तर वर्षांची सावली तासाभरात नाहीशी होते. आतून कुजलेले झाड तसेच ठेवले, तर माणसाचा जीव जाऊ शकतो. २०१७ च्या जुलै महिन्यात मुंबईतील चेंबूर येथे रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. ते झाड तोडण्याची परवानगी रहिवाशांनी आधीच मागितली होती व ती मिळाली नव्हती, हे नंतर वृत्तपत्रांतून पुढे आले. झाडाचा रोग अचूक ओळखणारा माणूस शहराला किती हवा असतो, हे अशा वेळी कळते.

असा माणूस म्हणजे वृक्षवैद्य. इंग्रजीत त्याला 'आर्बोरिस्ट' म्हणतात. माळी बाग फुलवतो, वनाधिकारी जंगल सांभाळतो. वृक्षवैद्य एकेका झाडाची प्रकृती पाहतो. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' हा जुना संस्कृत ग्रंथ झाडांच्या रोगांचीही वात, पित्त आणि कफ अशी विभागणी करतो. आज मात्र या व्यवसायाची रीतसर परीक्षा असते. १९२४ साली अमेरिकेत सुरू झालेली 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर' ही संस्था ती घेते. परीक्षेला बसण्यासाठी झाडांच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. संबंधित विषयाची पदवी असेल, तर थोडा कमी अनुभव चालतो. प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. मिळालेले प्रमाणपत्र तीन वर्षेच टिकते. पुढे नवे शिकत राहावे लागते. हे प्रमाणपत्र मिळवलेली माणसे आपल्या देशातही काम करीत आहेत.

तुम्हाला ही परीक्षा लगेच देता येणार नाही. पण तिचा अभ्यास? तो आजच सुरू करता येईल. पुस्तक आहे कोल्हापूर शहर, आणि धडे आहेत रस्त्याच्या कडेला. चला, एकेक विषय घेऊ.

पहिला विषय : ओळख

रोग्याचे नावच ठाऊक नसेल, तर वैद्य काय करणार? एकाच वाऱ्यात गुलमोहराची फांदी कडकन मोडते आणि चिंच शेजारी निवांत उभी राहते. गुलमोहराचे लाकूड हलके व ठिसूळ, तर चिंचेचे चिवट. म्हणून झाडाची जात ओळखणे ही पहिली पायरी.

फुले असताना कोणीही झाड ओळखेल. वृक्षवैद्याला ते बिनफुलांचेही ओळखता आले पाहिजे. गुलमोहर, सोनमोहर आणि नीलमोहर यांची पाने लांबून सारखीच दिसतात : बारीक पर्णिकांची, पिसासारखी. पण जवळ जाऊन फांदी पाहा. नीलमोहराची पाने समोरासमोर जोडीने येतात. गुलमोहर आणि सोनमोहर यांची पाने एकाआड एक येतात. शेंगा मिळाल्या, तर खात्रीच पटते. गुलमोहराची शेंग तलवारीसारखी लांब, सोनमोहराची लहान, चपटी आणि तांबूस, तर नीलमोहराचे फळ बटव्यासारखे गोल व चपटे.

दुसरी गंमत पर्जन्यवृक्षाची. हा मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेचा पाहुणा. त्याच्या पर्णिका संध्याकाळी मिटतात आणि ढगाळ हवेतही मिटू लागतात. त्यामुळे पावसाचे पाणी थेट खाली उतरते. आपल्या रस्त्यांवर त्याच्या छत्रीएवढी मोठी सावली क्वचितच कोणी देत असेल. पण त्याची मुळे पुष्कळदा उथळ पसरतात, हेही ध्यानात ठेवा.

या विषयासाठी कोल्हापूरसारखे गाव नाही. टाऊन हॉलच्या आवारात जुनी झाडे आहेत. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे स्वतःचे वनस्पती-उद्यान आहे. याच विभागातील डॉ. यादव आणि डॉ. सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील वनस्पतींची सविस्तर नोंद करणारा ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध केला. आपल्या पायाखालच्या मातीत काय उगवते, हे सांगणारा ग्रंथ आपल्याच गावात तयार व्हावा, ही केवढी सोय!

दुसरा विषय : झाडाची शरीररचना

इथे एक प्रयोग करा. उसाचे एक कांडे घ्या. कोल्हापुरात त्याला तोटा नाही. ते आडवे कापा आणि भिंगातून पाहा. आत जागोजाग ठिपके विखुरलेले दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी आणि अन्नरस वाहून नेणाऱ्या नळ्यांची एक जुडी. आता कडुनिंबाची वाळून खाली पडलेली, बोटाएवढी जाड काटकी तशीच कापा. इथे विखुरलेले ठिपके नाहीत. बाहेर साल, आत लाकडाचे वर्तुळ, मधे भेंड.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. कडुनिंब, वड आणि आंबा ही द्विदल झाडे. त्यांच्या सालीच्या आत आणि लाकडाच्या बाहेर जिवंत पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याला ऊतककर, म्हणजेच कँबियम म्हणतात. हा थर आतल्या बाजूला लाकूड म्हणजे जलवाहिन्या तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या. मुळांनी शोषलेले पाणी जलवाहिन्यांतून वर चढते; पानांनी तयार केलेली साखर रसवाहिन्यांतून खाली उतरते. खोडाभोवतीची साल बांगडीसारखी पूर्ण सोलून काढली, तर साखरेची वाट तुटते, मुळे उपाशी पडतात आणि झाड हळूहळू मरते. झाडाला घट्ट बांधून विसरलेली तारही पुढे हेच करते.

ऊस, नारळ आणि ताड हे एकदल. त्यांच्या खोडात हा थर नसतो. म्हणून नारळाच्या खोडावर पायऱ्यांसाठी घेतलेल्या खाचा कधीच भरून येत नाहीत. त्याच्या खोडावरची वळी ही गळलेल्या झावळ्यांच्या खुणा असतात. ती मोजून वय काढू नका. शिवाय नारळाला वाढणारा कोंब एकच, तोही शेंड्याला. तो मेला की झाड संपले.

तिसरा विषय : मुळे आणि माती

झाडाचे चित्र काढताना आपण वर फांद्या काढतो आणि खाली तितकीच खोल मुळे दाखवतो. हे चित्र चुकीचे आहे. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरातच असतात. त्यातही अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे आणखी वर. ती आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. बशीवर ठेवलेल्या पेल्यासारखे हे चित्र आहे. पेला म्हणजे झाड, बशी म्हणजे मुळे.

मुळे वर का राहतात? कारण त्यांना श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीतील ऑक्सिजन त्यांना लागतो. बुंध्याला भिडवून काँक्रीट ओतले किंवा मोटारींच्या चाकांनी माती दाबली गेली की हवेचा आणि पाण्याचा मार्ग बंद होतो. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. गटारासाठी किंवा केबलसाठी बुंध्याजवळ खणलेला चर तर बशीचा अर्धा भागच तोडून टाकतो. वर झाड हिरवेगार दिसते. पण पुढच्या वळवात ते त्याच बाजूने सुटते.

२०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचा महापूर तुमच्यापैकी अनेकांच्या घरच्यांनी पाहिला आहे. पुरात झाड पाण्यात उभे असूनही त्याची मुळे गुदमरतात. पाण्यात ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. नदीकाठची करंज, वाळुंज आणि जांभूळ हे सहन करू शकतात. सगळीच झाडे करू शकत नाहीत. म्हणून नदीकाठी काय लावावे, हाही परीक्षेतला प्रश्न होऊ शकतो.

चौथा विषय : जखम आणि छाटणी

आपल्याला खरचटले की जखमेच्या जागी नवी त्वचा येते आणि जुनी खराब त्वचा गळून जाते. झाडाचे तसे होत नाही. कुजलेले लाकूड झाड पुन्हा चांगले करू शकत नाही. मग ते काय करते? ते जखमेची नाकेबंदी करते.

हे नीट उलगडून दाखवले ते अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी. १९३० साली जन्मलेल्या आणि २००६ साली निधन पावलेल्या शायगोंनी साखळी-करवतीने हजारो झाडे उभी-आडवी चिरून आतली कूज तपासली. त्यांना दिसले, की झाड म्हणजे अनेक खोल्यांचा एक वाडाच. एका खोलीत चोर शिरला, तर झाड त्या खोलीची दारे लावून घेते. वर-खाली जाणाऱ्या नळ्यांत बोळे बसवते, हा पहिला अडसर. तो सर्वांत कच्चा. आतल्या बाजूला जुन्या लाकडाचा थर, हा दुसरा. डावी-उजवीकडे लाकडातील किरणांच्या भिंती, हा तिसरा. आणि जखम झाल्यानंतर ऊतककर एक नवी भिंत उभारतो, ती चौथी आणि सर्वांत भक्कम. या भिंतीच्या बाहेर तयार होणारे नवे लाकूड कुजीपासून सुरक्षित राहते. म्हणून तर पोकळ झालेला वडही वर्षानुवर्षे वाढत राहतो.

यातूनच छाटणीचा नियम निघतो. फांदी खोडाला जिथे मिळते, तिथे एक फुगवटा दिसतो. नाकेबंदीची खरी सामग्री या फुगवट्यात असते. फांदी खोडाशी सपाट कापली, तर फुगवटाच कापला जातो आणि खोडाचे दार उघडे पडते. लांब थोटूक ठेवले, तर ते कुजते आणि कूज आत शिरते. म्हणून काप फुगवट्याच्या अगदी बाहेर घ्यायचा.

जड फांदी एका फटक्यात कापली, तर ती पडताना खोडाची साल सोलत जाते. त्यासाठी तीन काप घेतात. पहिला काप बुंध्यापासून थोडा दूर, खालून वर, पण अर्धवट. दुसरा त्याच्याही थोडा बाहेर, वरून खाली. इथे फांदी पडते. तिसरा काप फुगवट्याबाहेर. इथे थोटूक काढायचे. जखमेवर डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही, हेही शायगोंनी दाखवून दिले. रस्त्यावरच्या झाडांना चुना आणि गेरूचे पट्टे देतात, ते रात्री चालकांना झाड दिसावे म्हणून. ते औषध नव्हे.

आणि शेंडा छाटून झाड बोडके करणे? ती सर्वांत वाईट छाटणी. पाने गेली की अन्न तयार होत नाही. घाबरलेले झाड कापाजवळून फुटवे काढते. हे फुटवे वरच्या थरालाच चिकटलेले असतात. चार-सहा वर्षांनी जड झाले की तेच वाऱ्यात मोडतात. धोका कमी करायला गेलो आणि धोका वाढवून बसलो, असे होते.

पाचवा विषय : धोक्याचे गणित

पोकळ झाड म्हणजे धोक्याचे झाड, असे बहुतेकांना वाटते. बांबू पोकळ असतो. तो का मोडत नाही? गणित करून पाहू. गोल खोडाची पोकळीमुळे किती ताकद गेली, हे काढायला पोकळीची त्रिज्या भागिले खोडाची त्रिज्या करायची आणि त्या अपूर्णांकाचा चौथा घात घ्यायचा.

समजा, खोडाची त्रिज्या ५० सेंमी आणि पोकळीची ३५ सेंमी आहे. ३५ भागिले ५० म्हणजे ०.७, त्याचा चौथा घात सुमारे ०.२४. म्हणजे वाकवणाऱ्या जोराला तोंड देण्याची ताकद फक्त २४ टक्के गेली; ७६ टक्के शाबूत आहे! पण पोकळी ४५ सेंमी झाली, तर ०.९ चा चौथा घात सुमारे ०.६६. आता उरली अवघी ३४ टक्के. दहा सेंटिमीटरांत चित्र पालटले. हे गणित खोड सगळीकडून बंद असेल तेव्हाचे. त्याला उभी चीर गेली असेल, तर ताकद आणखी घटते.

आतली पोकळी बाहेरून कशी कळणार? वृक्षवैद्य लाकडी हातोडीने खोड ठोकतो आणि मडके पारखल्यासारखा आवाज ऐकतो. अधिक खात्रीसाठी बारीक सुई आत घालून लाकडाचा विरोध मोजणारे यंत्र असते. खोडातून ध्वनिलहरी पाठवून आतला नकाशा काढणारेही असते. ठणठणीत लाकडातून ध्वनी वेगाने जातो, कुजलेल्यातून रेंगाळतो.

तुमचे यंत्र म्हणजे डोळे. बुंध्याशी भूछत्रे किंवा खोडावर कानासारख्या बुरशी उगवल्या आहेत का? दोन फांद्यांच्या बेचक्यात चीर आहे का? खोड अलीकडेच कलले आहे का आणि दुसऱ्या बाजूची माती उचलली गेली आहे का? खोडाच्या भोकातून भुसा गळतो आहे का? आंब्यावर बांडगुळांचे झुपके किती आहेत?

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. झाड पडण्याची शक्यता हा धोक्याचा अर्धाच भाग. त्याच्याखाली कोण आहे, हा दुसरा अर्धा. राधानगरीच्या जंगलात पोकळ झाड पडले, तर कोणाचे काही बिघडत नाही. उलट ते असेपर्यंत धनेशासारख्या पक्ष्याला ढोलीत घरटे मिळते. तेच झाड शाळेच्या फाटकाशी असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून प्रत्येक वेळी झाडच हलवावे लागत नाही. कधी झाडाखालचे बाक हलवले, गाड्या उभ्या करण्याची जागा बदलली, एखादी जड फांदी हलकी केली, तरी झाडही वाचते आणि माणूसही.

सहावा विषय : कायदा

महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी १९७५ सालचा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते तुमच्या अंगणातले का असेना. ठरावीक वर्षांनी वृक्षगणना करणे हेही स्थानिक संस्थेचे काम आहे. २०२१ साली या कायद्यात बदल होऊन ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अटही आली.

आता इथे विज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. उभ्या झाडाचे वय कसे काढायचे? सागवानात वर्षाची वलये स्पष्ट दिसतात. पण आपल्या हवामानातील अनेक झाडांत ती धूसर असतात. मग खोडाचा घेर, जुनी छायाचित्रे, इमारतींच्या नोंदी, गल्लीतल्या आजोबांच्या आठवणी, असे सारे पुरावे जुळवावे लागतात. हे काम तुम्हीही करू शकता.

करून पाहा

घराजवळचे एक झाड निवडा आणि वही घाला. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजा. आपल्याकडे हीच उंची धरतात. उंचीसाठी तुमच्या हाताएवढी लांब काठी घ्या. हात सरळ पुढे करून ती उभी धरा आणि झाडाचा शेंडा व बुंधा काठीच्या दोन टोकांशी जुळेपर्यंत मागे सरका. तेथून झाडापर्यंतचे अंतर म्हणजे झाडाची उंची, जवळजवळ. पानगळ, पालवी, फुले, चिरा आणि बुरशी यांची महिन्यातून एकदा नोंद करा. झाडावर चढू नका, करवत हाती घेऊ नका आणि विजेच्या तारांजवळ तर मुळीच जाऊ नका. प्रशिक्षित माणसेही दोर, पट्टा आणि शिरस्त्राण घेतल्याशिवाय झाडावर जात नाहीत.

पुढे याच वाटेने जावेसे वाटले, तर कोल्हापुरात कृषी महाविद्यालय आहे, विद्यापीठात वनस्पतिशास्त्र आहे आणि दापोलीला वनशास्त्र शिकवले जाते.

आता तुमची परीक्षा. उत्तरे खाली आहेत. आधी झाकून ठेवा.

१. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडात खिळा ठोकला. झाड दहा वर्षांत पाच मीटर वाढले. खिळा किती उंचीवर असेल?
२. खोडाचा घेर २२० सेंमी, आतल्या पोकळीचा व्यास ५६ सेंमी. ताकद किती टक्के उरली?
३. गटारासाठी झाडाच्या पूर्वेला बुंध्यालगत चर खणला. मुळे तुटली. कोणत्या दिशेचा वारा अधिक धोक्याचा?
४. शाळेजवळच्या हिरव्यागार झाडाच्या बुंध्याशी भूछत्रे उगवली आहेत. तोडावे की ठेवावे?

उत्तरे : १. दीड मीटरवरच. झाडाची उंची शेंड्याकडून वाढते. खोड फक्त जाड होते. २. घेर २२० म्हणजे व्यास सुमारे ७० सेंमी. ५६ भागिले ७० म्हणजे ०.८, चौथा घात ०.४१. उरली सुमारे ५९ टक्के. ३. पूर्वेकडून येणारा. त्या वाऱ्याला झाड पूर्वेच्या मुळांनी धरून ठेवते आणि तीच तुटली आहेत. ४. दोन्ही उत्तरे घाईची. आधी झाडाखालची ये-जा थांबवा, शिक्षकांमार्फत महापालिकेला कळवा आणि तज्ज्ञाकडून बुंधा तपासून घ्या. निकाल तपासणीनंतर.

चौथ्या प्रश्नाला ज्यांनी 'आधी तपासू' असे उत्तर दिले, त्यांचा वृक्षवैद्य होण्याचा अभ्यास सुरू झाला असे समजायला हरकत नाही.